किताबाविना किंग काँग

नव्वदच्या दशकात घराघरांत केबल आली आणि तिच्यासोबत अमेरिकन कुस्ती आली. टीव्हीवर ती जितकी पाहिली गेली, तितकीच पत्त्यांवर खेळली गेली. पैलवानांची ती ट्रम्प कार्डं ज्यांनी खेळली, त्यांना पत्त्यावरच्या ओळी अजून पाठ असतील: रँक, उंची, वजन, छाती, बायसेप्स, लढलेल्या कुस्त्या, जिंकलेल्या कुस्त्या. समोरच्यापेक्षा आपला आकडा मोठा निघाला की त्याचा पत्ता आपला. नागपुरात वर्धा रोडकडून रेल्वेचे रूळ ओलांडून मनीषनगरात शिरलं की ज्या सोसायट्या लागतात, तसल्या वस्त्यांतून हा खेळ खेळत वाढलेली पोट्टी आता चाळिशीला टेकली आहेत. तरी पोह्याच्या ठेल्यावर कुस्तीचा विषय निघाला की वाद अजून त्याच जागी येऊन अडतो. अमुक खलनायक एवढा गाजला, त्याला शिव्या घालण्यासाठी लोक टीव्ही लावत. मग जगज्जेतेपदाचा पट्टा त्याच्या कमरेला एकदाही का आला नाही? तो यायला हवा होता की नाही? पत्त्यावर याचं उत्तर सापडत नाही, कारण या माणसाच्या नावावर किती तिकिटं खपली, अशी ओळ त्यावर कधी छापलीच गेली नाही.

हा प्रश्न पोरकट नाही, आणि नवाही नाही. केबल येण्याच्या कितीतरी आधी तो मुंबईच्या फ्री-स्टाइल कुस्तीने उभा केला होता. तिथला नायक होता दारासिंग आणि खलनायक होता किंग काँग. दारासिंगच्या वाट्याला किताब आले, चित्रपट आले, पुढे राज्यसभाही आली. किंग काँगच्या वाट्याला एक आख्यायिका आली, आणि तीही त्याच्या हरण्याची. माझं म्हणणं असं की जगज्जेतेपदावर किंग काँगचा हक्क होता. त्याला ते मिळालं नाही, आणि या नाकारण्याचा भुर्दंड त्याच्याइतकाच आपल्याकडच्या फ्री-स्टाइलच्या धंद्यालाही बसला.

हक्काची गोष्ट करायची तर आधी माप ठरवावं लागतं. मातीतल्या कुस्तीत ते ठरलेलंच आहे. जत्रेच्या मैदानात दुपारी रेवड्यांवरच्या कुस्त्या सुरू होतात, तेव्हा लहान पोरं लंगोट कसून उतरतात. मग नारळावरच्या, मग रोख इनामाच्या, आणि उन्हं कलताना मोठ्या जोडी. दोन मल्ल एकमेकांच्या अंगावर मूठभर माती टाकतात, हात मिळवतात, हलगीचा ठेका चढतो, आणि सगळं मैदान शेवटच्या एक नंबरच्या कुस्तीची वाट पाहतं. कुणाची कुस्ती कितव्या नंबरची, हे जोड लावणारे ठरवतात; पण जिंकलं कोण, हे फक्त पाठ सांगते. पाठ मातीला लागली की विषय संपला. शाहू महाराजांनी कोल्हापुरात खासबागेचं मैदान उभारलं ते अशा निकाली कुस्त्यांसाठी. या कुस्तीत खलनायक नसतो. हरलेला मल्ल जिंकलेल्याइतक्याच मानाने मैदानाबाहेर जातो, आणि त्याला किताब मिळायला हवा होता का, हा प्रश्न कुणी विचारत नाही.

फ्री-स्टाइलचं तसं नाही. तिथे चौकोनी रिंग असते, दोर असतात, पंचाची पाठ वळली की डोळ्यांत बोटं घालणारा एक असतो आणि सोसून सोसून शेवटी उसळणारा दुसरा. निकाल आधी ठरलेला असतो. आपल्याकडे अशा लढतीला नुरा कुस्ती म्हणून मोडीत काढण्याची रीत आहे, आणि मातीशी इमान राखणाऱ्याने तसं म्हणणं समजण्यासारखं आहे. पण निकाल ठरलेला असला म्हणून पात्रतेचा प्रश्न निकामी होत नाही. नाटकात कोण मरणार हे लेखकाने आधीच लिहून ठेवलेलं असतं. तरी कोणत्या नटाला कोणती भूमिका मिळायला हवी होती, यावर आपण तावातावाने बोलतो आणि बरोबर बोलतो. फ्रेंच लेखक रोलाँ बार्थ यांनी कुस्तीवरच्या निबंधात नेमकं हेच सांगितलं. तो निबंध ज्या पुस्तकात आहे ते १९५७ सालचं, म्हणजे दारासिंगच्या ऐन उमेदीतलं. बार्थ यांच्या मते लढत खरी की खोटी, याचं प्रेक्षकाला देणंघेणं नसतं. त्याला न्याय, अन्याय आणि वेदना डोळ्यांसमोर घडताना पाहायच्या असतात. तेव्हा फ्री-स्टाइलमध्ये जगज्जेतेपदाला कोण पात्र, हे तीन गोष्टींवरून ठरवावं लागेल. तो माणूस गर्दी खेचतो का? समोरच्याला तो आहे त्याहून मोठा करून दाखवतो का? आणि पट्टा त्याच्याकडे गेला, तर तो परत आणण्याची ओढ लोकांना लागते का?

या मापाने किंग काँगकडे पाहायचं तर तो ज्या काळात आला तो काळ आधी ध्यानात घ्यायला हवा. परदेशी पैलवानाला देशी मल्लाने लोळवणं, ही आपल्याकडे फार जुनी भूक आहे. १९१० मध्ये गामा लंडनला गेला, पोलंडच्या झिबिस्कोशी अडीच तासांहून जास्त झुंजला, आणि पुढच्या लढतीला झिबिस्को आलाच नाही म्हणून जॉन बुल पट्टा गामाला मिळाला. १९२८ मध्ये पतियाळात दोघे पुन्हा भेटले, तेव्हा गामाने त्याला मिनिटाच्या आत चीत केलं. पारतंत्र्यात या विजयाचा अर्थ कुस्तीपुरता राहणं शक्यच नव्हतं. स्वातंत्र्यानंतर ही भूक फ्री-स्टाइलच्या आयोजकांनी ओळखली. दारासिंग अमृतसर जिल्ह्यातल्या धर्मूचक गावचा. १९४७ मध्ये सिंगापूरला गेला आणि तिथेच फ्री-स्टाइल शिकला. किंग काँगचं खरं नाव एमिल चाया. १९०९ मध्ये आजच्या रुमानियातल्या ब्राशोवला तो जन्मला आणि पुढे सिंगापूरचाच झाला. १९३३ च्या चित्रपटातल्या राक्षसी वानराचं नाव त्याने घेतलं आणि ते त्याला शोभलंही. दाढी, प्रचंड पोट, आणि दोनशे किलोच्या घरात सांगितलं जाणारं वजन. गोरा, अवाढव्य, उन्मत्त: नव्या देशाला ज्याला पडताना पाहायचं होतं, तो सगळा माणूस त्याच्या देहात मावला होता.

दारासिंगने किंग काँगला डोक्यावर उचलून गरगर फिरवलं आणि रिंगबाहेर फेकलं, ही आख्यायिका महाराष्ट्रात आजोबांकडून नातवांपर्यंत आली आहे. तिचे तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतात, पण त्या उचलण्याकडे कारागिराच्या नजरेने एकदा पाहायला हवं. एकशेतीस किलोच्या माणसाने दोनशे किलोचा देह डोक्याच्या वर नेणं, हे एकट्या दंडांचं काम नाही. उचलला जाणारा नेमक्या क्षणी पायाने उसळी घेतो. वर जाताना तो उचलणाऱ्याच्या खांद्यावर किंवा मांडीवर हात टेकून स्वतःचा भार थोडा आपणच पेलतो. मग कमरेपासून अंग फळीसारखं ताठ ठेवतो, कारण देह मध्येच लोंबला तर दोघेही कोसळतात. खाली पडताना हनुवटी छातीशी घ्यायची, श्वास सोडायचा, आणि पाठीआधी पंजे जमिनीवर सपाट आपटायचे, म्हणजे मार पसरतो आणि आवाजही मोठा होतो. हे सगळं करताना चेहऱ्यावर मात्र भीती दिसायला हवी. वयाने दारासिंगपेक्षा जवळपास वीस वर्षांनी मोठा असलेला, एवढ्या वजनाचा माणूस हे करत होता. वर गेलेल्या दारासिंगच्या हातांना टाळ्या पडल्या. त्या हातांत स्वतःला सोपवणाऱ्याची कारागिरी कुणाला दिसली नाही, आणि ती दिसू नये हीच तर त्या कारागिरीची अट होती. पात्रतेच्या दुसऱ्या मापावर, समोरच्याला मोठं करण्याच्या मापावर, किंग काँग इथे पूर्ण उतरतो.

आता किताबांचा हिशेब मांडू. दारासिंगच्या कारकिर्दीतले तीन मोठे टप्पे सर्वत्र सांगितले जातात. १९५४ मध्ये तो रुस्तम-ए-हिंद झाला, अंतिम लढतीत टायगर जोगिंदरसिंगला हरवून. १९५९ मध्ये कलकत्त्यात कॅनडाच्या जॉर्ज गोर्डिएन्कोला हरवून तो राष्ट्रकुल विजेता झाला. २९ मे १९६८ रोजी मुंबईत अमेरिकेच्या लू थेझला हरवून तो जगज्जेता झाला. तीन किताब, तीन प्रतिस्पर्धी, आणि त्या तिघांत किंग काँग नाही. आज रस्त्यावरच्या कुणालाही विचारा, दारासिंगने कुणाला हरवलं? गोर्डिएन्को किंवा थेझ हे नाव क्वचितच कुणी घेईल. नाव येईल ते किंग काँगचं. दोन पिढ्यांच्या स्मरणाने दिलेला हा कौल आहे, आणि गर्दी खेचण्याच्या मापावर याहून मोठा पुरावा मला दिसत नाही. ज्या लढती सर्वोच्च म्हणून मांडल्या गेल्या त्या विसरल्या गेल्या, आणि ज्याला पट्ट्यापासून लांब ठेवलं तो नावानिशी उरला. १९६२ मध्ये दारासिंग नायक असलेला चित्रपट आला, त्याचंही नाव ‘किंग काँग’च होतं.

जगज्जेतेपद म्हणजे असं उठून कुणालाही देता येतं का, असं यावर कुणी म्हणेल. फ्री-स्टाइलमध्ये ते देता येत होतं आणि दिलं जातही होतं. लू थेझ हा त्या धंद्यातला अतिशय मोठा मल्ल, याबद्दल वाद नाही. पण अमेरिकेतल्या नॅशनल रेसलिंग अलायन्सचं जगज्जेतेपद त्याने जानेवारी १९६६ मध्येच जीन किनिस्कीकडे गमावलं होतं. मुंबईत १९६८ मध्ये जे पणाला लागलं ते ते पद नव्हतं, आणि थेझही तेव्हा बावन्न वर्षांचा होता. जगज्जेतेपदं तेव्हा जागोजागी वेगवेगळी होती, आणि आयोजक आपल्या गावाला साजेल असं पद मांडत. यात मला गैर काही वाटत नाही. धंद्याची रीतच ती होती. पण मग किंग काँगला ते न मिळण्यामागे नियमाची आडकाठी होती, असं म्हणता येत नाही. तो निर्णय आयोजकांचा होता, आणि निर्णयाला कारण विचारता येतं.

ते कारण उघड आहे, आणि माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत भक्कम आक्षेपही तोच आहे. नुकतंच स्वातंत्र्य मिळालेल्या देशात एका गोऱ्या परदेशी दांडगटाला जगज्जेता करून लोकांनी काय पाहायचं? लोक आले होते जिंकायला. हा आक्षेप मी हलका मानत नाही, म्हणूनच जपानचं उदाहरण जवळून पाहायला हवं. जपान तर युद्धात हरलेला, अमेरिकेच्या ताब्यातून १९५२ मध्ये सुटलेला देश. १९५४ च्या फेब्रुवारीत तिथला नायक रिकिदोझान शार्प बंधूंशी लढला. शार्प बंधू मूळचे कॅनडाचे, पण जपानी प्रेक्षकांसाठी ते गोरे दांडगे होते, आणि अमेरिकेतून जोडीचे जगज्जेते म्हणूनच आले होते. रस्त्यावर लावलेल्या टीव्हीसमोर हजारोंची गर्दी लोटली, रिकिदोझानच्या प्रत्येक फटक्याला लोक बेभान झाले, आणि त्या दौऱ्यात पट्टा शार्प बंधूंकडेच राहिला. अपमान सोसलेल्या देशाने हे पाहिलं आणि पुढच्या लढतींना तो आणखी मोठ्या संख्येने आला. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९५५ मध्ये, तोक्योत आशियाई किताबांच्या लढती झाल्या. जोडीचा पहिला आशियाई किताब जिंकला तो कुणी? किंग काँग आणि टायगर जोगिंदरसिंग यांनी, खुद्द रिकिदोझानच्या जोडीला हरवून. काही दिवसांनी एकेरीच्या अंतिम लढतीत रिकिदोझानने किंग काँगला हरवलं. आधी खलनायकाच्या हाती किताब, मग नायकाचा विजय: या क्रमाने तो विजय कितीतरी भारी झाला. आपल्याकडे दुय्यम ठरवलेले दोघे तिथे विजेते म्हणून उभे राहिले, आणि त्यामुळे जपानी अभिमान खचला नाही.

पट्टा परत आणण्याची ओढ, हे जे तिसरं माप मी सुरुवातीला सांगितलं, ते इथे कामी येतं. नायक कधी हरतच नाही, अशी त्याची ख्याती एकदा झाली की प्रेक्षक त्याला पाहायला येतो, पण निकालाची हुरहुर त्याच्या पोटातून निघून जाते. दारासिंग अजिंक्य, हीच आपल्या फ्री-स्टाइलची जाहिरात होती. ती त्याच्या चित्रपटांसाठी उत्तम ठरली, पण कुस्तीच्या धंद्यासाठी घातक, कारण सगळा धंदा एका माणसाच्या देहावर टेकला. रिकिदोझानवर डिसेंबर १९६३ मध्ये चाकूहल्ला झाला आणि काही दिवसांत तो गेला. तरी जपानची कुस्ती थांबली नाही. त्याच्याच तालमीत घडलेल्या बाबा आणि इनोकी यांनी ती पुढे नेली आणि ती आजही भरल्या मैदानांत चालते. इकडे दारासिंगने १९८३ मध्ये कुस्ती सोडली, पुढे २०१२ पर्यंत तो आपल्यात होता, पण त्याच्या धंद्याने त्याच्याआधीच मान टाकली. तिकडे किताब हिंडता होता. नायक, खलनायक, देशी, परदेशी अशा अनेकांच्या कमरेला बसून त्याने अनेक नावं मोठी केली. इकडे तो एकाच घरी राहिला.

यात टीव्हीचा हात होता, हे खरं. जपानमध्ये टीव्ही आणि कुस्ती हातात हात घालून वाढले. मुंबई दूरदर्शन सुरू व्हायला २ ऑक्टोबर १९७२ उजाडला. जपान आणि भारत यांच्यातला सगळा फरक एका किताबावर ढकलणं चुकीचं ठरेल, आणि मी तो ढकलत नाही. पण दूरदर्शन आलं तेव्हा दारासिंग अजून रिंगमध्ये होता, आणि त्यानंतरही अकरा वर्षं राहिला. पडदा हाताशी आला तेव्हा त्यावर दाखवायला त्याच्या तोडीचं दुसरं नाव तयार नव्हतं. अशी नावं तयार होतात ती किताबाच्या जाण्यायेण्यातूनच, आणि ते जाणंयेणं आपण आधीच्या दोन दशकांत होऊ दिलं नव्हतं.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे आणि तो मराठी माणसाच्या तोंडून आल्याशिवाय राहणार नाही. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीत कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तो माणूस नंतर पोलीस खात्यात नोकरी करत राहिला आणि अर्जुन पुरस्कार त्याला मिळाला तो मरणोत्तर. खऱ्या मल्लाची ही गत असताना लुटुपुटूच्या लढाईतल्या परदेशी दांडगटाच्या किताबासाठी कशाला गळा काढायचा? खाशाबांवरचा अन्याय मोठा आहे आणि किंग काँगचा विषय त्याच्या शेजारीही बसत नाही. पण दोन्हींच्या मुळाशी आपली एकच खोड दिसते. आपण विजयाचं चित्र पाहतो आणि ते उभं करणारी मेहनत पाहत नाही. खाशाबांच्या पदकामागचा सराव आपण पाहिला नाही, आणि दारासिंगच्या हातांवर तोल सांभाळणारा देहही पाहिला नाही. एकाला न्याय द्या म्हणताना दुसऱ्याची कारागिरी नाकारायचं कारण नाही.

तिसरा आक्षेप आजच्या काळातला. खलनायकाला किताब देऊन पाहिला की, काय झालं? २००७ मध्ये खलीला अमेरिकेत जगज्जेतेपद मिळालं आणि दोन महिन्यांत गेलं. मे २०१७ मध्ये भारतीय वंशाचा कॅनडियन मल्ल जिंदर महाल, जो त्याआधी हरण्यासाठीच ओळखला जाई, रँडी ऑर्टनला हरवून डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकन कुस्ती कंपनीचा विजेता झाला. १७० दिवसांनी, ७ नोव्हेंबरला, त्याने तो किताब मँचेस्टरमध्ये गमावला. डिसेंबरमध्ये दिल्लीत दोन दिवस व्हायचे खेळ एकाच दिवसावर आले, आणि तिथेही ट्रिपल एचने त्याला हरवलं. ही उदाहरणं माझ्या विरोधात जात नाहीत. महालला किताब देताना भारताची बाजारपेठ डोळ्यांसमोर होती, हे लपून राहिलं नव्हतं; लोकांचा राग त्याने आधी कमावलेला नव्हता, तो किताबामागून यावा अशी अपेक्षा होती. किंग काँगचा क्रम उलटा होता. राग, गर्दी, नाव हे सगळं त्याने वर्षानुवर्षं पडून पडून जमवलं होतं, फक्त किताब तेवढा बाकी होता. मधल्या फळीतल्या प्रत्येक खलनायकाला पट्टा द्या, असं माझं म्हणणं नाही. लोकांचा राग ज्याने आधी कमावला आहे, त्याला द्या.

मराठी माणसाला हे समजायला खरं तर जड जाऊ नये. निळू फुलेंनी पडद्यावर जे पाटील आणि पुढारी रंगवले, त्यांच्यामुळे बायाबापड्या त्यांना खऱ्या आयुष्यातही शिव्या देत, आणि त्याच माणसाला ‘सामना’त चित्रपटाच्या मध्यभागी उभं करताना मराठी दिग्दर्शकाचा हात थरथरला नाही. संगीत नाटक अकादमीने त्यांचा सन्मान केला. आमच्या विदर्भात झाडीपट्टीच्या रंगभूमीवर दिवाळीनंतर जी नाटकं रात्रभर चालतात, त्यांत खलनायक करणाऱ्या नटाच्या नावावर गावं लोटतात. मंचावरच्या दुष्टाला मान द्यायची रीत आपल्याकडे आहे. ती आपण फ्री-स्टाइलच्या रिंगपर्यंत तेवढी नेली नाही. किंग काँग १९७० मध्ये सिंगापुरात मोटार अपघातातल्या जखमांनी गेला. त्याच्या नावापुढे भारतातल्या त्या तीन मोठ्या किताबांपैकी एकही नाही. तरी मनीषनगरात किंवा मुंबईत दारासिंगची गोष्ट सांगायला कुणी बसला, तर दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला त्याला किंग काँगचं नाव घ्यावंच लागतं. किताब कुणाचा होता हे विसरूनही जो लक्षात राहतो, त्याला तो एकदा मिळायला हवा होता.